तेजोमेघांची हद्दकायम मोजणी

जावयाला नाही म्हणायचं नसतं, हे सासऱ्यांना कुणी शिकवावं लागत नाही. पण हो म्हणण्याआधी समोरच्याचं वाक्य पुरतं ऐकून घ्यावं, हे मोजणीसाहेबांना कुणीच शिकवलं नव्हतं, आणि पुढचा सगळा घोळ त्यातून झाला.

मोजणीसाहेब म्हणजे जमीन मोजणी खात्यातले निवृत्त अधिकारी. लोकांच्या जमिनी मोजायच्या, हद्दी कायम करायच्या, कोपऱ्यावर दगड रोवायचे, यात त्यांची हयात गेली. निवृत्तीनंतर मोजायला काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी घर मोजलं. मग फर्निचर मोजलं. सोफा एका टोकाला भिंतीपासून दोन बोटं जास्त लांब आहे, ही बातमी त्यांनी बायकोला अशा आवाजात सांगितली की तिला आधी वाटलं, नात्यातलं कुणीतरी गेलं. घरात एका शब्दाला बंदी होती. तो शब्द म्हणजे 'अंदाजे'. भाजीत मीठ किती घातलंस, या प्रश्नाला बायकोनं एकदा "अंदाजे" असं उत्तर दिलं होतं आणि साहेबांनी हातातला घास खाली ठेवला होता. "अंदाजे म्हणजे मोजणी चुकल्याची आगाऊ कबुली," असं ते म्हणाले होते. तेव्हापासून बायको मीठ अंदाजेच घालते, पण विचारलं की "एक सपाट चमचा" म्हणते. संसार असाच चालतो.

तर त्या रविवारी लेक आणि जावई जेवायला आले होते. जावई पंपांच्या कारखान्यात डिझाइनचं काम करतो. पण त्याचा जीव रमतो आकाशात. चार मित्र मिळून ते एक सॉफ्टवेअर करत होते. कॉम्प्युटर उघडला की आजचं आकाश पडद्यावर दिसणार, एखाद्या ताऱ्यावर क्लिक केलं की तो आपलं नाव-गाव सांगणार. कुणाला विकायचं नाही, फुकट वाटायचं. लग्न झाल्यापासूनचे सगळे रविवार त्यात गेले होते. त्याबद्दल लेकीची तक्रार होती असंही म्हणता येत नाही, कारण निम्मं काम तिनंच केलं होतं. आता ते सॉफ्टवेअर वाचनालयाच्या सभागृहात शिक्षण समितीला दाखवायचं होतं. समितीला पसंत पडलं तर ते साऱ्या शाळांमध्ये जाणार होतं. नाहीतर इतक्या रविवारांचं काय करायचं, हा प्रश्नच होता.

"तारे झाले, ग्रह झाले," जावई म्हणाला. "उत्सर्जन तेजोमेघ तेवढे राहिलेत. त्यांची सूची करणारं कुणीतरी—"

"टाका माझ्यावर," मोजणीसाहेब म्हणाले.

बायकोनं ताटावरून डोळे मोठे केले. पण अशा वेळी साहेबांना डोळे दिसत नसत.

"बाबा, ते काय असतं, माहीत आहे का तुम्हाला?" लेकीनं विचारलं.

"नसेल तर जावईबापू सांगतील की."

जावयानं सांगितलं. आकाशात वायूचे प्रचंड ढग असतात. त्यातल्या काहींच्या जवळ एखादा अतिशय तापलेला तारा असतो. त्याच्या माऱ्यानं ढगातला वायू तापतो आणि स्वतःच चमकायला लागतो. असा ढग म्हणजे उत्सर्जन तेजोमेघ.

"शेजाऱ्यामुळे तापणारा," साहेब म्हणाले. मग खिडकीबाहेरच्या भिंतीकडे एकवार बघून म्हणाले, "ते मला समजावून सांगायची गरज नाही."

या भिंतीचं प्रकरण इथेच सांगून टाकलेलं बरं. भिंतीपलीकडे एक निवृत्त कॅशियर राहत. त्यांनी कुंपण काढून भिंत बांधली, तेव्हा गवंड्यानं ती एका विटेच्या रुंदीनं साहेबांच्या अंगणात आणली. दुसऱ्या कुणाच्या लक्षातही आलं नसतं. पण जन्मभर इतरांची अतिक्रमणं हटवलेल्या माणसाच्या स्वतःच्या अंगणात अतिक्रमण! साहेबांनी घराचा नकाशा काढून त्यावर लाल पेन्सिलीनं ती वीट दाखवली. कॅशियर म्हणाले, नकाशा चुकला असेल. ते ऐकल्यापासून दोघांचं बोलणं बंद होतं. म्हणजे एकमेकांशी बंद. भिंतीशी दोघंही भरपूर बोलत. शिवाय कॅशियरांनी भिंतीवर एक झगझगीत दिवा बसवला होता. तो चोरांसाठी आहे असं ते म्हणत, पण त्याचं तोंड साहेबांच्या अंगणाकडे होतं.

जावयानं कामाची पद्धत दाखवली. प्रत्येक तेजोमेघाची एक ओळ. त्यात नाव, आकाशातली जागा, लांबी, रुंदी. मग फोटोवर त्याच्या कडेकडेनं माऊसनं क्लिक करत बाह्यरेषा काढायची, म्हणजे नकाशात तेवढा भाग रंगून येतो.

"म्हणजे हद्द कायम करायची!" साहेबांच्या चेहऱ्यावर निवृत्तीनंतर पहिल्यांदाच तकाकी आली.

"हो, म्हणजे... तसंच समजा," जावई म्हणाला.

सासऱ्याला "तसं नाही" म्हणायचा प्रसंग बिचाऱ्यावर तोवर आला नव्हता. हे 'तसंच समजा' पुढे फार महागात पडलं.

दुसऱ्या दिवसापासून जेवणाचं टेबल सरकारजमा झालं. त्यावर फोटो, पट्ट्या, भिंग, तीन रंगांच्या पेन्सिली आणि मधोमध कॉम्प्युटर. घरातली जेवणं मांडीवर ताट घेऊन होऊ लागली. सगळं काम भर दिवसा चाले. आकाशाचं काम करणारा माणूस संध्याकाळी मात्र दारं-खिडक्या लावून आत बसे, कारण तो दिवा डोळ्यांवर येई.

फोटोंवर साहेबांचं समाधान होईना. पडद्यावर हद्द दिसते पण हाताला लागत नाही, असं त्यांचं म्हणणं. मोठे कागदी नकाशे हवे होते, आणि ते छापणारं यंत्र होतं त्यांच्याच जुन्या कचेरीत. बाहेरच्यांनाही अर्ज केला तर छापून मिळत. खिडकीत बसला होता त्यांच्याच हाताखाली तयार झालेला कारकून. त्यानं उठून नमस्कार केला, बसायला खुर्ची दिली आणि हातात अर्ज दिला.

"गाव कोणतं लिहू?" साहेबांनी विचारलं.

"जमीन असेल ते, साहेब."

"आकाश आहे."

"मग आकाश लिहा. मालक?"

"मालक नाही."

"म्हणजे सरकारी."

"सरकारीही नाही."

कारकुनानं कपाळाला आठ्या घातल्या. "बरं, ते बघू. चतुःसीमा सांगा. पूर्वेला काय?"

"दुसरा तेजोमेघ."

"आणि पश्चिमेला?"

"तोच. म्हणजे तो थोडा याच्या अंगावरूनच गेलाय."

"अंगावरून कसा जाईल, साहेब? एका जागेवर दोघं कसे? तुम्हीच शिकवलंत, चतुःसीमा जुळत नसेल तर अर्ज परत करायचा. एक रकाना मोकळा दिसला तर तुम्ही माझा कागद फाडला होतात."

साहेबांना राग आला आणि अभिमानही वाटला. दोन्ही एकदम आल्यामुळे ठसका लागला. शेवटी 'मालक' या रकान्यात 'शोध चालू' असं लिहून नकाशे मिळाले. पण कारकुनाचा प्रश्न डोक्यात रुतून बसला तो बसलाच. एका जागेवर दोघं कसे?

घरी येऊन त्यांनी मृग नक्षत्राचा नकाशा जमिनीवर पसरला आणि कपाळाला हात लावला. वायूचं एक भलंमोठं कडं अर्ध्या नक्षत्राला वेढा घालून बसलेलं. त्याच्या पोटात दुसरे तेजोमेघ. त्यांच्यातही एकाची कड दुसऱ्यात शिरलेली. शेजारच्या भागात गुलाब म्हणून एक तेजोमेघ होता, तर त्याच्या एकेका तुकड्याला वेगळा क्रमांक.

"पोटहिस्से पडलेत, पण वाटणीच झालेली नाही!" ते ओरडले. बायको स्वयंपाकघरातून धावत आली. तिला वाटलं, भाऊबंदांचं पत्र आलं.

अशा वेळी जावयाला एक फोन केला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण प्रत्येक गोष्ट विचारून करणारा माणूस मोजणीत टिकत नाही, असं साहेबांचं मत. त्यातून जावयाला विचारायचं म्हणजे आपल्याला येत नाही असं झालं. शेजाऱ्यांना विचारण्यात मात्र कमीपणा नव्हता, कारण शेजारी न विचारताच सांगत होते.

समोरचे दातांचे डॉक्टर नकाशा बघून म्हणाले, "दाटी झालीय. आमच्याकडे अशी दाटी असली की दात थोडे सरकवतो. तार बांधली की बरोबर ओळीत येतात. तुम्हाला तर तारही लागणार नाही."

गल्लीच्या टोकाचे शिंपी म्हणाले, "साहेब, मार्जिन सोडा. कडेला कड भिडवून शिवलेलं कापड उसवतं. मधे बोटभर जागा पाहिजेच."

भिंतीपलीकडे कॅशियर झाडांना पाणी घालत होते. ते जास्वंदीला उद्देशून मोठ्यानं म्हणाले, "ज्यांना जमिनीवरची वीट नीट मोजता आली नाही, ते आता आकाशाकडे निघालेत हो!"

या वाक्यानं साहेबांचा निश्चय पक्का झाला. सूची अशी करायची की जगात कुणाला तीत बोट ठेवायला जागा सापडू नये. त्यांनी कामाला हात घातला. जिथे दोघांची हद्द एकमेकांत शिरली होती तिथे मधोमध रेघ मारली. जे पोटात होते त्यांना बाहेर काढून शेजारी जागा दिली. गुलाबाची सारख्या हिश्शांत वाटणी केली. वेडेवाकडे कोपरे काटकोनात आणले. शिंप्यानं सांगितल्याप्रमाणे मधे मार्जिन सोडलं, आणि मार्जिनला मार्जिन जुळून आपोआपच एक सरळ रस्ता निघाला, त्याचं तर त्यांना फारच कौतुक वाटलं. राहिलं ते भलंमोठं कडं. ते सरळसरळ अतिक्रमण होतं. त्याला त्यांनी लहान करून नक्षत्राच्या एका कोपऱ्यात बसवलं.

काम संपलं तेव्हा समितीची सभा अगदी तोंडावर आली होती. जावयानं सूची घेतली आणि ती उघडून नजर टाकावी म्हणून कॉम्प्युटर पुढे ओढला.

"तपासतोयस?" लेकीनं विचारलं.

"नुसती बघतो."

"बघ. पण बाबांना कळेल. त्यांना न सांगता कळतं. सासऱ्याचं काम जावयानं तपासलं, यापेक्षा त्यांना जेवायला नाही वाढलं तरी चालेल."

जावयानं कॉम्प्युटर मिटला. सासऱ्यानं जावयाला नाही म्हटलं नव्हतं, जावयानं सासऱ्याला तपासलं नव्हतं. दोन्हीकडून मान राखला गेला आणि तेजोमेघ मधल्यामधे चिरडले गेले.

सभागृह भरलं होतं. समितीच्या अध्यक्षा, एक निवृत्त मुख्याध्यापिका, पहिल्या रांगेत चष्मा सावरत बसल्या होत्या. साहेब कडक इस्त्रीचा सदरा घालून दुसऱ्या रांगेत होते. आणि मागच्या रांगेत, वाचनालयाचे आजीव सभासद म्हणून, कॅशियर होते. तारे झाले, ग्रह झाले, लोकांनी माना डोलावल्या. अध्यक्षाबाईंनी दोनदा "वा" म्हटलं. जावयाचा चेहरा खुलला.

"आता मृग नक्षत्रातले तेजोमेघ बघू," तो म्हणाला आणि त्यानं क्लिक केलं.

पडद्यावर लाल चौकोन उमटले. ओळीत, सारख्या अंतरावर, काटकोनात. बाणाच्या तीन ताऱ्यांपासून सरळ रस्ता निघाला होता आणि दोन्ही बाजूंना तेजोमेघ दारासमोर दार करून बसले होते. कोपऱ्यात ते कडं, बागेसाठी सोडलेल्या जागेसारखं.

मग मागच्या रांगेतून आवाज आला, "अहो, हा तर प्लॉटचा लेआउट! कोपऱ्यातला गेला का हो?"

सभागृह फुटलं. लोक खुर्च्यांना धरून हसत होते. साहेब ताडकन उठले.

"हसण्यासारखं काही नाही!" ते म्हणाले. "आधी तिथे काय अवस्था होती ते विचारा. एकाच जागेवर तिघं तिघं! आता एकही वाद शिल्लक नाही."

हशा दुप्पट झाला. अध्यक्षाबाईंनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि शांतपणे विचारलं, "पण आकाशात ते खरोखर असे आहेत का?"

साहेबांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि जावयाकडे पाहिलं. जावई पडद्याकडे बघत उभा होता. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग पार उडाला होता. तेव्हा साहेबांच्या लक्षात आलं. जन्मभर त्यांनी जमीन असेल तसा कागद केला होता. इथे त्यांनी कागद जुळावा म्हणून आकाश सरकवलं होतं. ते खाली बसले.

"चूक माझी आहे," जावई म्हणाला. "सूची मी तपासायला हवी होती."

सूची कुणी केली, हे त्यानं शेवटपर्यंत सांगितलं नाही. अध्यक्षाबाई म्हणाल्या, "पुढच्या सभेला दुरुस्त करून आणा. तेव्हा नाही जमलं, तर मग आम्हाला दुसरं काही बघावं लागेल."

घरी आल्यावर साहेबांनी टेबल रिकामं केलं, पेन्सिली डब्यात घातल्या आणि गप्प बसले. दुसऱ्या दिवशीही गप्पच. बायकोनं मुद्दाम सोफा तिरका करून ठेवला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तेव्हा मात्र ती घाबरली आणि तिनं लेकीला फोन केला.

संध्याकाळी दिवे लागायच्या सुमारास जावई आला. हातात यादी नव्हती, एक लहानशी दुर्बीण होती.

"जावईबापू, तुमचं फार नुकसान केलं मी," साहेब म्हणाले. मान वर होत नव्हती.

"ते राहू द्या, बाबा. मला एक सांगा, तुम्ही तेजोमेघ बघितलाय कधी?"

"बघितलाय म्हणजे? किती नकाशे..." आणि साहेब मधेच थांबले. स्थळपाहणी न करता टेबलावर बसून मोजणी केली म्हणून त्यांनी आजवर कितीजणांना फैलावर घेतलं होतं! आणि सबंध नक्षत्राची मोजणी त्यांनी जागेवर न जाता उरकली होती.

अंधार पडल्यावर दुर्बीण अंगणात मांडली. वर मृग छान दिसत होता, पण भिंतीवरचा दिवा अंगणभर पसरला होता. जावयानं दिव्याकडे पाहिलं, मग सासऱ्याकडे. साहेबांनी चपला घातल्या.

कॅशियरांनी दार उघडलं. दोघंही इतकी वर्षं भिंतीशीच बोलत आले होते, त्यामुळे समोरासमोर सुरुवात कशी करायची ते कुणालाच सुचेना.

"तुमचा दिवा," साहेब म्हणाले.

"आमच्या हद्दीत आहे," कॅशियर म्हणाले.

"दिवा तुमच्या हद्दीत आहे. उजेड आमच्याकडे येतो."

"आता उजेडाला हद्द कोण घालणार?"

एरवी साहेबांनी याचं उत्तर दिलं असतं. पण ते म्हणाले, "माझ्यामुळे जावयाचं काम अडलंय हो. घटकाभर बंद केलात तर उपकार होतील."

कॅशियरांनी नजर खाली घातली. "मीही तिथे ओरडायला नको होतं," ते पुटपुटले. मग आत जाऊन दिवा बंद केला आणि चपला घालून स्वतःच मागोमाग आले.

साहेबांनी दुर्बिणीला डोळा लावला. लाल काही दिसलं नाही. लाल रंग कॅमेऱ्याला दिसतो, नुसत्या डोळ्याला नाही, असं जावयानं सांगितलं. दिसलं ते एक फिकट धुकं. मधे दाट, त्यात बारीक तारे, आणि बाहेर जाता जाता विरळ होत गेलेलं. त्यांनी सवयीनं कड शोधली. इथे संपतंय म्हणावं, तर पलीकडे आणखी थोडं असे.

"हा संपतो कुठे?" त्यांनी शेवटी विचारलं.

"तसा संपत नाही, बाबा. विरळ होत जातो. जितका जास्त वेळ फोटो घ्याल तितका पसरलेला दिसतो. कड आपण मानायची, सोयीपुरती."

"आणि एकमेकांच्या अंगावर पडतात ते?"

"एक पुढे असतो, एक मागे. काही तर मुळात एकच असतात. आपणच वेगळे क्रमांक दिलेत."

"मला बघू द्या की," कॅशियर म्हणाले. त्यांनी डोळा लावला तो काढायचं नावच घेईनात. "अहो, संपतो कुठे हा?"

"तेच मी विचारत होतो," साहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवशी टेबल पुन्हा सरकारजमा झालं. प्रत्येक तेजोमेघ उचलून आपल्या मूळ जागी गेला. चौकोन मोडले, रस्ता बंद झाला. बाह्यरेषा तुटक आणि पुसट झाल्या. साहेबांनी सूचीत एक नवा रकाना घातला: 'हद्द'. त्यात पहिल्या ओळीला काय लिहायचं ते त्यांना ठाऊक होतं, पण हात चालेना. एकदा टाइप केलं, पुसलं, पाणी पिऊन आले, पुन्हा टाइप केलं. मग मात्र खाली सगळीकडे घरातला तो बंदीचा शब्दच येत गेला. ताळा जुळवायला कॅशियर भिंतीपलीकडे खुर्ची टाकून बसत. "एक कमी भरतोय," ते ओरडले तेव्हा शोधाशोध झाली. ते भलंमोठं कडं अजून कोपऱ्यातच बसलेलं होतं.

सूची जावयाच्या हातात देताना साहेब म्हणाले, "तपासून घ्या. ओळन् ओळ. माझ्यासमोर." लेक उठून पाणी आणायला गेली ती उगाचच डोळे पुसत आली.

पुढच्या सभेत मृग उजळला तेव्हा कुणी हसलं नाही. अध्यक्षाबाईंनी विचारलं, "या कडा अशा पुसट का?" साहेब उठले आणि म्हणाले, "कारण त्या तशाच आहेत, बाई. मी जागेवर जाऊन बघितलंय." सॉफ्टवेअर शाळांसाठी मंजूर झालं. सर्वांत आधी टाळ्या वाजवल्या त्या मागच्या रांगेनं.

सगळे मिळून बाहेर आले. लेक-जावई मित्रांबरोबर गेले. साहेब, बायको आणि कॅशियर गल्लीतून चालत घरापाशी पोचले. भिंतीजवळ कॅशियर थांबले, जरा खाकरले.

"मोजणीसाहेब, उद्या गवंडी बोलावतो म्हणतो. वीटभर मागे घेतो ही. तेव्हाही माझीच पुढे आली असणार, आता काय लपवायचं."

बायको जागच्या जागी थबकली. साहेब भिंतीकडे बघत राहिले. हात सवयीनं खिशात गेला, टेप अर्धी बाहेर आली, थोडी घोटाळली आणि परत आत गेली.

"राहू द्या हो," ते म्हणाले. "तिथली हद्द अंदाजेच आहे."

बायको तशीच आत गेली, दार लोटलं आणि लेकीला फोन लावला.

"अगं, जावयांना घेऊन ताबडतोब ये," ती दबक्या आवाजात म्हणाली. "घाबरू नकोस, बरे आहेत. पण तुझे बाबा आत्ता भिंतीपाशी उभं राहून 'अंदाजे' म्हणाले. आणि वर हसतायत!"